एका विमानकंपनीचे उड्डाण आणि अवतरण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत एका विमानकंपनीची कथा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्यापुरती त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की आपण सारी घराबाहेर पडलेली माणसे आहोत. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी माणसाचे येणेजाणे आहे. त्या काळी घोडा आणि बैलगाडी हीच वाहने होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेचे नोकर अशी आपल्यापैकी अनेकांची आजे-पणजे मंडळी आली. पुढे हावडा मेल आणि १९७७ पासून गीतांजली ही आपली माहेरची गाडी झाली. आणि गेल्या दोन-अडीच दशकांत माना येथील विमानतळावरून दोन तासांच्या आत मुंबई गाठण्याची सोय झाली. मुंबईहून रात्री वाईट निरोप यावा आणि सकाळी मुलगा घाटावर उभा असावा, हे आपल्या आजोबांना शक्य नव्हते. आपल्याला ते शक्य झाले. ज्यांनी हे आकाश सामान्य माणसासाठी खुले केले, त्यांचे पुढे काय झाले हे जाणून घेणे मला अगत्याचे वाटते.

दुसरे कारण आपल्या महोत्सवाशी निगडित आहे. पन्नास वर्षे एक संस्था टिकते याचा अर्थ नेमका काय, हे समजून घ्यायचे तर न टिकलेल्या संस्थेकडे पाहावे. मी ज्या कंपनीविषयी बोलणार आहे तिने ५ मे २०१८ रोजी आपली पंचविशी साजरी केली आणि त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, १७ एप्रिल २०१९ रोजी, तिचे शेवटचे विमान मुंबईला उतरले. ती कंपनी म्हणजे मुंबईची जेट एअरवेज आणि तिचे संस्थापक श्री. नरेश गोयल.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात खासगी विमानकंपन्या नव्या नाहीत. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हापासून स्वातंत्र्योत्तर काही वर्षांपर्यंत हा धंदा खासगी हातांतच होता. आपल्या शेजारच्या नागपूरने तर त्या काळी एक अपूर्व दृश्य पाहिले आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी चारी विमाने आपापल्या गावी परत निघत. परंतु कंपन्या फार, उतारू थोडे आणि खर्च अफाट, अशी स्थिती झाली. १९५३ साली सरकारने कायदा करून हा सारा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला. देशांतर्गत सेवा करणाऱ्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे भारतीय आकाशात खासगी कंपनीला नियमित सेवेची मोकळीक नव्हती.

श्री. गोयल यांचा जन्म १९४९ सालचा, पंजाबातील संगरूरचा. वडील लहानपणीच गेले, घरावर आर्थिक संकट आले. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन १९६७ साली ते दिल्लीस आले आणि नात्यातल्या एका गृहस्थांच्या प्रवाससंस्थेत दरमहा तीनशे रुपयांवर रोखपाल म्हणून राहिले. ती संस्था परदेशी विमानकंपन्यांची तिकिटे विकत असे. पायलट नव्हे, अभियंता नव्हे, भांडवलदाराचा मुलगाही नव्हे, असा हा तरुण विमानव्यवसायात शिरला तो तिकिटाच्या खिडकीतून. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणत्या मार्गावर कोण प्रवास करतो, कोणत्या महिन्यात करतो, किती पैसे मोजायला तयार असतो आणि विमान उशिरा आले तर का संतापतो, हे त्यांनी तेथे शिकून घेतले. १९७४ साली त्यांनी जेटएअर नावाची स्वतःची संस्था काढली. एअर फ्रान्स, कॅथे पॅसिफिक अशा मोठ्या कंपन्यांचे भारतातील काम तिच्याकडे आले.

१९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले आणि खासगी कंपन्यांना प्रथम ‘एअर टॅक्सी’ या नावाखाली परवानगी मिळाली. जेटचे पहिले विमान मुंबईत आले तेव्हा त्याच्या स्वागतास स्वतः जे. आर. डी. उपस्थित होते. ५ मे १९९३ रोजी भाड्याने घेतलेल्या चार बोइंग विमानांनिशी जेटची सेवा सुरू झाली. १९९४ साली जुना कायदा रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी जेटला नियमित विमानसेवेचा दर्जा मिळाला.

त्या वेळी मैदानात जेट एकटी नव्हती. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, एनईपीसी अशा अनेक कंपन्या उतरल्या होत्या. १९९७ च्या सुमारास त्यांतल्या जेट आणि सहारा एवढ्याच ठळकपणे उरल्या. बाकीच्या का बुडाल्या आणि जेट का तरली? याचे सरळ उत्तर असे की जेटने उतारूला मान दिला. ज्यांनी सरकारी कंपनीची एकाधिकारशाही अनुभवली होती त्यांना वेळेवर निघणारे स्वच्छ विमान आणि हसतमुख कर्मचारी हेच नवल होते. नोकरीनिमित्त फिरणारा वर्ग जेटकडे वळला. मुंबई, ठाणे, पुणे येथील कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली तेथे नोकरीस लागली. कोणी हवाईसुंदरी झाली, कोणी तंत्रज्ञ, कोणी सामान चढवणारा हमाल. त्या गणवेशाला चाळीतही प्रतिष्ठा होती.

दुसरेही एक कारण होते आणि ते सांगितल्यावाचून कथा प्रामाणिक होणार नाही. प्रारंभी जेटमध्ये गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज या परदेशी कंपन्यांचे प्रत्येकी वीस टक्के भांडवल होते. १९९७ साली सरकारने देशांतर्गत सेवेत परदेशी विमानकंपन्यांच्या भांडवलास बंदी केली. जेटला आपले दोन भागीदार सोडावे लागले हे खरे. परंतु त्याच नियमामुळे टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्या नियोजित कंपनीचे दारही बंद झाले. एक बलाढ्य प्रतिस्पर्धी न येताच परतला. या नियमाचा मोठा लाभ जेटला झाला, हे उघड आहे. दिल्लीच्या दरबारात गोयल यांचे वजन किती, याविषयी त्या काळी पुष्कळ बोलले जाई. त्यातले खरे किती ते सोडून देऊ. पण ज्या उद्योगाची भरभराट नियमांवर अवलंबून असते, त्याला नियम बदलण्याचे भय जन्मभर राहते.

२००४ साली जेटचे विमान प्रथमच देशाबाहेर, चेन्नईहून कोलंबोला गेले. २००५ साली कंपनीने जनतेकडून भांडवल उभारले. दहा रुपये दर्शनी किमतीचा समभाग अकराशे रुपयांना विकला गेला. तीनशे रुपये पगाराचा रोखपाल अब्जाधीश झाला. श्रोतेहो, येथे आपण थोडे थांबू, कारण शिखरावरून दोन्ही बाजू दिसतात.

विमानाचा धंदा मुळात कसा आहे? भाजीवाल्याची जुडी संध्याकाळपर्यंत उरली तर तो निम्म्या भावात विकतो. विमानाची रिकामी खुर्ची विमान उडाले त्या क्षणी नासते. ती पुन्हा विकता येत नाही. उलट खर्च मात्र खुर्ची भरली काय, न भरली काय, जवळजवळ तोच. विमानाचे भाडे डॉलरमध्ये, इंधनाचा भाव जगाच्या बाजारावर, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा कर, आणि उत्पन्न मात्र रुपयांत. रुपया घसरला की काहीही न करता तोटा वाढतो. यात आणखी एक मोह दडलेला असतो. उतारू आज पैसे भरतो आणि दोन महिन्यांनी प्रवास करतो. मधल्या काळात ती रक्कम कंपनीच्या पेटीत असते. ती वस्तुतः ठेव असते; पण पेटीत असलेला पैसा आपलाच वाटू लागणे हा मनुष्यस्वभाव आहे. चालू कंपनीत उद्याची तिकिटे कालचे देणे भागवतात. म्हणून विमानकंपनी आतून किती पोखरली आहे हे बाहेरच्याला बहुधा उशिरा कळते.

२००३ ते २००६ या काळात आकाशात नवे भिडू आले. एअर डेक्कन, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो या स्वस्त दराच्या कंपन्या आणि त्यांच्याबरोबर विजय मल्ल्या यांची थाटामाटाची किंगफिशर. जेट दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडली. स्वस्त प्रवास हवा असणारा इंडिगोकडे आणि ऐट हवी असणारा किंगफिशरकडे जाऊ लागला. अशा वेळी श्री. गोयल यांनी जो निर्णय घेतला त्याला पुढे अनेक जाणकारांनी विनाशाचा आरंभ म्हटले. २००७ साली त्यांनी एअर सहारा ही कंपनी १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली. तिचे नाव जेटलाइट ठेवले. पुढे जेट कनेक्ट म्हणून आणखी एक स्वस्त सेवा काढली. एकाच घरात तीन चुली पेटल्या. उतारूला आपण कोणत्या विमानात बसलो, जेवण मिळणार की विकत घ्यावे लागणार, हेच कळेना. स्वस्त कंपनीशी झुंजायचे तर खर्च कमी हवा. येथे दर खाली आले पण खर्च राजेशाहीच राहिला. त्याच सुमारास ब्रुसेल्स, न्यूयॉर्क, शांघायमार्गे सॅन फ्रान्सिस्को असे लांबचे मार्गही सुरू केले गेले, आणि २००८ साली खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचे ठरले. गणवेशातली तरुण मुले मुंबईच्या रस्त्यावर आली. राज ठाकरे यांनी जेटची विमाने मुंबईतून उडू देणार नाही असा इशारा दिला. एक-दोन दिवसांत श्री. गोयल वार्ताहरांपुढे आले आणि कर्मचाऱ्यांचे अश्रू आपल्याला पाहवत नाहीत असे सांगून त्यांनी सर्वांना परत घेतले. या प्रसंगाचे दोन अर्थ लागतात. कोणी म्हणेल, मालकाच्या ठायी माणुसकी होती. कोणी म्हणेल, इतका मोठा निर्णय एका रात्रीत घेतला जातो आणि एका रात्रीत फिरवला जातो, त्या कंपनीत संचालक मंडळ नावाला तरी होते काय? मला दोन्ही अर्थ खरे वाटतात.

२०१२ साली सरकारने परदेशी विमानकंपन्यांना पुन्हा दार उघडले. १९९७ साली ज्या नियमाने जेटला अभय दिले होते तोच उलटा फिरला आणि जेटनेच त्याचा आधार घेतला. अबू धाबीच्या एतिहादने २०१३ साली सुमारे २,०५८ कोटी रुपये देऊन चोवीस टक्के भाग घेतला. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरातच जमिनीवर आली होती. जेटला सावरण्याची ही मोठी संधी होती. मध्यंतरी तेल स्वस्त झाले तेव्हा दोन वर्षे नफाही दिसला. परंतु मुळातला रोग तसाच होता.

२०१८ च्या ऑगस्टपासून पगार लांबू लागले. विमाने भाड्याने देणाऱ्यांची थकबाकी वाढली आणि त्यांनी एकेक विमान उभे करून ठेवले. एकेकाळी सव्वाशेच्या आसपास विमाने बाळगणारी कंपनी मूठभर विमानांवर आली. टाटांशी बोलणी झाल्याच्या वार्ता आल्या, फळ निघाले नाही. कंपनी वाचवायची तर संस्थापकाने दूर व्हावे, ही अट नव्या पैशाच्या वाटेत पुनःपुन्हा येत राहिली. २५ मार्च २०१९ रोजी श्री. गोयल आणि त्यांच्या पत्नी अनिता संचालक मंडळातून बाहेर पडले; पण तोवर फार उशीर झाला होता. बँकांचे देणे साडेआठ हजार कोटींच्या घरात होते. शेवटी तातडीचे म्हणून सुमारे चारशे कोटी मागितले गेले, तेही बँकांनी नाकारले. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून निघालेले विमान मुंबईस उतरले आणि कहाणी संपली.

संपली कोणासाठी, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे. हजारो कर्मचाऱ्यांची कहाणी तेथून सुरू झाली. घराचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, थकलेला पगार. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांसाठी त्यांना न्यायाधिकरणात जावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती देणी दिली पाहिजेत असे सांगितले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकाल हाती येणे आणि पैसे हाती येणे यांत किती अंतर असते, हे आपल्यातील सेवानिवृत्त मंडळींना मी सांगायला नको. जालान-कालरॉक या गटाने कंपनी पुन्हा उडवण्याची योजना मांडली, ती २०२१ साली मंजूरही झाली; पण विमान उडाले नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जेटचे अवसायन करण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणेकऱ्यांची देणी भागवण्याचा, आदेश दिला.

आणि गोयल? कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या कर्जाच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना अटक केली. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, म्हणून त्यांविषयी काही मत देणे उचित नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीस टेकलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या न्यायालयात हात जोडून, आपल्याला जगण्याची आशा उरली नाही, तुरुंगातच मरण आले तर बरे, अशा आशयाचे उद्गार काढले. पत्नी कर्करोगाने आजारी होत्या. त्या मे २०२४ मध्ये निवर्तल्या. वैद्यकीय कारणास्तव पुढे त्यांना जामीन मिळाला. ज्यांचा पगार बुडाला त्यांनी या माणसावर रागावण्याचा हक्क राखून ठेवावा. परंतु हे ऐकून कोणाच्याही मनात समाधान उमटेल असे मला वाटत नाही.

या कथेशेजारी दुसरी एक ठेवतो. कर्नाटकातील गोरूरचे कॅप्टन गोपीनाथ सैन्यातून निवृत्त झाले, त्यांनी शेती केली, हेलिकॉप्टरची सेवा काढली आणि २००३ साली एअर डेक्कन सुरू केली. एक रुपयाचे तिकीट हे त्यांचे नाव घरोघर नेणारे आकर्षण ठरले. त्यांनी लहान शहरांना नकाशावर आणले. आपले रायपूरही त्यांत होते. पण दर इतके खाली गेले की खर्च निघेना. २००७ साली मल्ल्यांनी त्यांच्या कंपनीत हिस्सा घेतला, पुढे ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि तिच्याबरोबरच नाहीशी झाली. २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेत त्यांचे डेक्कन हे नाव नाशिक-जळगावच्या मार्गांवर पुन्हा दिसले. २०२० साली तेही थांबले. आपल्या राज्यात २०१८ साली रायपूर-जगदलपूर सेवा मोठ्या समारंभाने एका छोट्या कंपनीने सुरू केली आणि तीही लवकरच बंद पडली. पुढे सरकारी अलायन्स एअरने २०२० साली जगदलपूरला पुन्हा जोडले.

गोयल यांनी महाग सेवा दिली, गोपीनाथांनी स्वस्त. शेवट मात्र सारखा झाला. तेव्हा दोष केवळ दराचा नव्हता. या व्यवसायात ज्यांनी तग धरला त्यांच्याकडे पाहा. इंडिगोने प्रारंभी एकाच जातीची विमाने घेतली, एकच प्रकारची सेवा दिली, आणि चांगल्या दिवसांत हातात रोकड राखली. पुढे तिच्यावरही संकटे आली आणि येतील. पण तिच्या पहिल्या दशकातला धडा आपल्या आजीला ठाऊक होता. अंथरूण पाहून पाय पसरावे आणि सुगीत पेव भरावे.

यापलीकडची गोष्ट मला आपल्यापुढे अधिक आग्रहाने ठेवायची आहे. जेटमध्ये पहिल्या दिवसापासून शेवटच्या महिन्यापर्यंत एकाच माणसाचा शब्द चाले. चढत्या काळात तेच तिचे बळ होते. निर्णय झटपट होत, जबाबदारी स्पष्ट असे, मालकाची नजर विमानातल्या चहाच्या कपापर्यंत पोहोचे. उतरत्या काळात तेच तिचे दुखणे झाले. ‘हे चुकते आहे’ असे सांगणारा कोणी उरला नव्हता, किंवा असला तरी ऐकणारा कोणी नव्हता. जो संस्था जन्माला घालतो त्याला तिच्यापासून वेळेवर दूर होणे सर्वांत कठीण जाते. दहा वर्षे आधी हे झाले असते तर कंपनी वाचली असती असे छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. पण वाचवण्याचा प्रयत्न तरी वेळेवर झाला असता.

आपले मंडळ विमानकंपनीच्या मानाने इवलेसे आहे. आपल्याकडे अकराशे रुपयांचे समभाग नाहीत. वर्गणीची पावतीपुस्तके आहेत. तरी पन्नास वर्षे हे चालले, कारण दर काही वर्षांनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या. वार्षिक सभेत हिशेब वाचला गेला आणि एखाद्या चिकित्सक सभासदाने उभे राहून खोड काढली. तेव्हा तो आपल्याला त्रासदायक वाटला असेल. आज मी म्हणतो, मंडळाच्या आयुष्याची निम्मी वर्षे त्याच्या पुण्याईने मिळाली आहेत. गणेशोत्सवाचा निधी हा लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा आहे, आपला नव्हे, ही जाणीव कोषाध्यक्षाच्या मनात जागी राहिली. उतारूच्या आगाऊ भाड्याबद्दल मी जे म्हणालो, ते येथेही लागू आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी माझी एवढीच विनंती आहे. ज्येष्ठांनी खुर्ची भक्कम असताना ती तरुणांना द्यावी. तरुणांनी, ज्यांना रायपूरची हिंदी आणि छत्तीसगढी मराठीइतकीच जवळची आहे, ती संकोच न करता घ्यावी आणि आपल्या पद्धतीने चालवावी. त्यांच्या पद्धतीत आपल्याला काही उणे दिसले तर ते सभेत बोलावे, कट्ट्यावर नव्हे.

साहसी माणसांनी आपल्यासाठी आकाशवाट मोकळी केली, तिचे ऋण आपल्यावर आहे. ते ज्या ठिकाणी अडखळले ती जागा पाहून ठेवणे, हीही त्या ऋणाची एक फेड होय.

 मंडळास शतकमहोत्सवाच्या शुभेच्छा आजच देऊन आपली रजा घेतो. नमस्कार.